मेंदूच्या गाठीचा रुग्ण घरी नेताय? तुकोगंज सोडण्याआधी फिटच्या औषधाची चिठ्ठी हातात घ्या

इंदूर, प्रतिनिधी : शिरपूर, सेंधवा, रावेर, बऱ्हाणपूर, खंडवा या पट्ट्यातल्या माणसाला मेंदूचा मोठा आजार निघाला की गाडी बऱ्याचदा इंदूरकडेच वळते. मुंबई-पुणे लांब पडतं, आणि इंदुरात कुणी ना कुणी नातेवाईक असतोच. त्यातही तुकोगंज आपल्या लोकांच्या ओळखीचा. साउथ तुकोगंजातलं नाथ मंदिर, थोड्या अंतरावर सरवटे बसस्टँड, आसपास तज्ज्ञ डॉक्टरांचे दवाखाने, तपासणीच्या लॅब, औषधांची दुकानं, आणि जवळच 'एम. वाय.' म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय. ऑपरेशन, शेक, केमोच्या गोळ्या, दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय, असं वर्ष-दीड वर्ष याच गल्ल्यांत जातं.

मग एक दिवस डॉक्टर शांतपणे सांगतात, "अब घर ले जाइए, सेवा कीजिए."

हे ऐकल्यावर घरचे दुखण्याचं विचारतात, खाण्यापिण्याचं विचारतात. पण घरी गेल्यावर रात्री दोन वाजता ज्या गोष्टीने सगळं घर हादरतं, ती विचारायची राहून जाते. ती म्हणजे फिट. महाराष्ट्रात आपण तिला फिट किंवा आकडी म्हणतो, मध्य प्रदेशात 'झटके', 'मिर्गी' किंवा 'दौरा' म्हणतात.

शेवटच्या दिवसांतली फिटही बहुतेक वेळा घरी आटोक्यात आणता येते. फक्त त्याची तयारी रुग्णाला गोळी गिळता येते आहे तोवर करावी लागते. सीमेपलीकडे घर असलेल्यांनी तर ती इंदूर सोडण्याआधीच करायला हवी. ती का आणि कशी, हे या लेखात समजून घेऊ.

गाठ आणि फिट यांचा संबंध काय?

मेंदूचं काम बारीक विजेच्या संदेशांवर चालतं. गाठ आजूबाजूच्या पेशींना डिवचते, सूज आणते, कधी तिथे थोडा रक्तस्राव होतो. मग एका भागातल्या पेशी एकदम, ताळतंत्र सोडून संदेश सोडू लागतात. तीच फिट.

सगळ्या फिट सारख्या नसतात. कधी फक्त एका हाताची बोटं किंवा तोंडाची एक बाजू फडफडते आणि माणूस शुद्धीवर असतो. कधी नजर एकीकडे लागते, बोलणं बंद होतं, माणूस हरवल्यासारखा बघत राहतो. आणि कधी सगळं अंग ताठ होऊन झटके येतात, तोंडाला फेस येतो, कपड्यात लघवी होते. या शेवटच्या प्रकाराला घरचे सगळ्यात जास्त घाबरतात. पण त्यात रुग्णाची शुद्ध गेलेली असते आणि नंतर त्याला सहसा काही आठवत नाही. जे दिसतं त्याचा त्रास त्या घटकेला बघणाऱ्यांना जास्त होतो.

बऱ्याच जणांत गाठीचं पहिलं लक्षणच फिट असतं. अमेरिकेचे सिनेटर टेड केनेडी यांना मे २००८ मध्ये फिट आली, तपासणीत मेंदूतली घातक गाठ निघाली आणि ऑगस्ट २००९ मध्ये ते गेले. सगळी साधनं हाताशी असूनही या आजाराची चाल अशीच असते. सगळ्यात आक्रमक गाठ म्हणजे ग्लिओब्लास्टोमा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात शेक आणि टेमोझोलोमाइड दोन्ही मिळालेल्यांपैकी निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांच्या आत गेले, निम्मे त्याहून जास्त जगले. अशा आक्रमक गाठींच्या रुग्णांत शेवटच्या महिन्यात साधारण तिघांतल्या एकाला फिट येतात. म्हणजे प्रत्येकाला येईलच असं नाही, पण 'आपल्याला नाही येणार' असं धरून चालणंही बरोबर नाही. आधी फिट येऊन गेलेल्यांना धोका जास्त.

शेवटच्या आठवड्यांत काय बदलतं?

आधी झोप वाढते. मग बोलणं कमी होतं. मग घास तोंडात तसाच राहतो, पाण्याने ठसका लागतो. एक दिवस सकाळची गोळी तोंडाबाहेर येते. घरचे म्हणतात, "जाऊ दे, संध्याकाळी देऊ." संध्याकाळीही तेच. दोन दिवस फिटचं औषध पोटात गेलेलं नाही, आणि तिसऱ्या रात्री फिट येते.

घरी आलेल्या रुग्णांत हा घोटाळा नेहमीचा. औषध निकामी ठरलेलं नसतं, ते पोटात पोचलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट डेक्सामेथासोनची. मेंदूची सूज उतरवणारं हे स्टेरॉइड. ते एकदम बंद केलं तर सूज परत चढते आणि फिट वाढू शकतात. शिवाय बरेच दिवस स्टेरॉइड चालू असलेल्या शरीराला ते अचानक तुटणं सोसत नाही. ते कमी करायचं की बंद करायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. गोळ्या संपल्या म्हणून आपोआप बंद पडू द्यायचं नाही. याच औषधाने साखरही वाढते. साखर फार वर-खाली झाली, ताप आला, रक्तातलं सोडियम घटलं तरी फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टर आधी ही कारणं बघतात.

फिट कधीच न आलेल्या रुग्णाला 'उगाच खबरदारी' म्हणून कायमचं फिटचं औषध देण्याची शिफारस नाही. पण आधी फिट आलेली असेल तर औषध शेवटपर्यंत, या ना त्या वाटेने चालू ठेवायचं असतं.

गोळी गिळता येत नाही, मग औषध जाणार कसं?

आज सर्वाधिक लिहिलं जाणारं औषध म्हणजे लेव्हेटिरासिटाम. जुन्या फेनिटॉइनसारखं ते डेक्सामेथासोनचा परिणाम कमी करत नाही. जेनेरिकमध्ये, जनऔषधी केंद्रातही ते मिळतं. त्याने काही रुग्ण चिडचिडे होतात, अंगावर ओरडतात. घरच्यांना वाटतं माणूस बदलला. तसं दिसलं तर डॉक्टरांना सांगा, मनाने गोळी बंद करू नका.

या औषधाची गोळी येते, तसंच सिरप आणि इंजेक्शनही येतं. गिळणं जड जायला लागलं की आधी सिरपवर जाता येतं. गोळी कुटून द्यायची असेल तर आधी विचारा, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. पाणीही ठसक्यावाचून जात नसेल तर तोंडाने काहीच ढकलू नका. ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो.

नाकातून रबरी नळी आधीपासूनच असेल तर सिरप तिच्यातून जातं. पण केवळ औषधासाठी अगदी शेवटच्या दिवसांत नवी नळी घालायची का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. नळीचाही त्रास असतो. त्याऐवजी दुसऱ्या वाटा आहेत :

१. जिभेवर विरघळणारी क्लोनाझेपामसारखी गोळी. गिळावी लागत नाही.

२. मिडाझोलमचा नाकातला फवारा, किंवा तेच औषध गाल आणि हिरडी यांच्या मध्ये सोडणं. चालू असलेली फिट थांबवायला घरच्या माणसाला जमेल अशी ही सगळ्यात सोपी वाट.

३. गुदद्वारातून डायझेपाम. जुनी पण उपयोगी पद्धत.

४. कातडीखाली बसवलेली बारीक बटरफ्लाय सुई. तिच्यातून मिडाझोलम, काही ठिकाणी लेव्हेटिरासिटामही, हळूहळू देता येतं. शीर शोधावी लागत नाही, सलाइनचा स्टँड लागत नाही. पण डोस ठरवायला आणि सुई बसवायला डॉक्टर किंवा शिकलेली सिस्टर हवी.

कुठल्याही औषधाचा डोस या लेखात मुद्दाम दिलेला नाही. तो वजन, वय, किडनी आणि चालू औषधांवर ठरतो. मिडाझोलमच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. त्याचं इंजेक्शन वेगवेगळ्या ताकदीत मिळतं, आणि फवाऱ्याच्या सगळ्या बाटल्यांत एका फवाऱ्यातलं औषध सारखंच असेल असं धरू नका. म्हणून 'दोन फवारे' एवढंच तोंडी ऐकून येऊ नका. कोणती बाटली, किती मिलिग्रॅम, कोणत्या नाकपुडीत किती, हे कागदावर घ्या.

हे काम फोनवर का होत नाही?

इंदूरहून सेंधवा सुमारे दीडशे किलोमीटर, धुळे अडीचशेच्या आसपास. घरी पोचल्यावर लोकांना वाटतं, लागलं तर डॉक्टरसाहेबांना फोन करू, ते व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवतील. सल्ला मिळेल, पण या औषधाची चिठ्ठी तशी मिळत नाही.

केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० रोजी आली. एनडीपीएस कायद्याच्या यादीतली नार्कोटिक आणि सायकोट्रॉपिक औषधं फोन किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत, असं त्यांत स्पष्ट आहे. मिडाझोलम त्या यादीत आहे. शिवाय ते 'शेड्यूल एच-१' मध्येही मोडतं. २०१४ पासून लागू असलेल्या या नियमानुसार दुकानदाराला डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. त्यामुळे रात्री गावातल्या मेडिकलवाल्याने 'चिठ्ठीशिवाय नाही' म्हटलं तर त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्याचं लायसन्स त्यावर अवलंबून आहे.

म्हणून चिठ्ठी समोरासमोर घ्या. लेटरहेडवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, औषधाचं मूळ नाव, डोस आणि एकूण संख्या असावी. मोठ्या, वाचता येतील अशा अक्षरांत. आणि शक्य असेल तर औषध तुकोगंजातच विकत घेऊन निघा. लहान गावातल्या दुकानात मिडाझोलमचा फवारा ठेवलेला असेलच असं नाही.

घरी नेतानाच्या प्रवासातही ते औषध डिकीतल्या बॅगेत नको, रुग्णाजवळ बसणाऱ्याच्या हाताशी हवं. बिजासन घाटात गाडी असताना फिट आली तर बॅगा उपसायला वेळ नसतो.

फिट आली, आता काय करायचं?

पहिलं काम घड्याळ बघणं. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांच्या पुढे गेलेली फिट आपोआप थांबण्याची शक्यता कमी, म्हणून वैद्यकशास्त्राने ती रेघ मारली आहे. फवारा नेमका कितव्या मिनिटाला द्यायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं.

रुग्णाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. डोक्याखाली मऊ काही द्या. गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल करा. कवळी असेल तर ती या दिवसांत एरवीच काढून ठेवलेली बरी. हातपाय दाबून धरू नका.

तोंडात चमचा, बोट, कापड काहीही घालायचं नाही. दात तुटतात, बोटं चावली जातात. जीभ गिळली जात नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवून, हातात किल्ल्यांचा जुडगा देऊन फिट थांबत नाही. ती आपल्या वेळेने थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नका.

फिट थांबल्यावर माणूस गाढ झोपतो, घोरतो, गोंधळलेला असतो. कधी एक हात किंवा पाय काही तास, क्वचित दीड-दोन दिवस लुळा राहतो. हा लकवाच असेल असं नाही, पण डॉक्टरांना कळवा. ओले कपडे बदला, अंग पुसा, माणसांची गर्दी बाहेर काढा. एवढ्यानेही माणसाची अब्रू राखली जाते.

मग नोंद करा. दुकानाच्या खतावणीसारखी एक वही ठेवा : तारीख, वेळ, किती मिनिटं, कुठल्या बाजूने सुरू झाली, कोणतं औषध किती दिलं, कधी थांबली. जमलं तर दुसऱ्याने मोबाईलवर थोडा व्हिडिओ घ्यावा. शेवटच्या दिवसांत अंगाचे बारीक झटके मॉर्फिनमुळे किंवा किडनी मंदावल्यामुळेही येतात आणि त्यांचा उपाय वेगळा असतो. व्हिडिओ बघून डॉक्टरांना फरक लवकर कळतो.

दवाखान्यात न्यायचं, की घरीच ठेवायचं?

उपचार चालू असलेल्या, उठत-बसत असलेल्या रुग्णाला पहिल्यांदाच फिट आली, पाच मिनिटांत थांबली नाही, शुद्ध न येता लागोपाठ दुसरी आली किंवा पडून मार लागला, तर विचार न करता जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. १०८ दोन्ही राज्यांत आहे. फोनवर शब्द जपून वापरा. मध्य प्रदेशात नुसतं 'दौरा पड़ा है' म्हटलं तर समोरच्याला हृदयाचा वाटू शकतो, आणि आपल्याकडे 'झटका आला' म्हटलं तरी तेच. 'मिर्गी का दौरा' किंवा 'फिट आली आहे, मेंदूत गाठ आहे' असं पूर्ण सांगा.

पण डॉक्टरांनी आता दिवस थोडे राहिल्याचं सांगितलंय, रुग्ण बहुतेक वेळ झोपेत आहे आणि घरच्यांनी घरीच ठेवायचं ठरवलंय, तेव्हा हिशेब बदलतो. तिथे मध्यरात्री अडीचशे किलोमीटर ॲम्ब्युलन्स पळवून रुग्णाला फारसं काही मिळत नाही. वाटेतच प्राण गेला तर ती सल घरच्यांना कायमची राहते. अशा वेळी घरातला फवारा, ठरलेल्या अंतराने दुसरा डोस, आणि गावातल्या फॅमिली डॉक्टरला फोन, हीच योजना. म्हणून इंदूरच्या डॉक्टरांकडून गावच्या डॉक्टरच्या नावाने एक पत्र घ्या. पुढची रात्र निभावायला गावचा डॉक्टरच लागणार आहे आणि त्याला काय ठरलंय हे माहीत हवं.

२०१२ पासून देशात पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे उपचार. आपल्या जिल्हा रुग्णालयात असा विभाग किंवा शिकलेली सिस्टर आहे का, याची चौकशी रुग्ण घरी आणण्याआधीच करा.

'औषधाने लवकर जाईल का?'

हा प्रश्न प्रत्येक घरात कुणाच्या तरी मनात असतो, आणि फवारा हातात असूनही तो वापरला जात नाही. हे औषध फिट थांबवण्यासाठी आहे आणि ते लागेल तेवढंच दिलं जातं. त्याने झोप येते, श्वास थोडा मंद होऊ शकतो, म्हणूनच सांगितल्यापेक्षा जास्त द्यायचं नाही. पण फिट लांबली तर तिनेही श्वास अडतो आणि शरीर थकतं. सांगितलेला डोस दिल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी माणूस गेला, तर तो आजाराने गेला. ज्याने फवारा दिला त्याने हा भार मनावर घेऊ नये. ही गोष्ट घरातल्या थोरल्या माणसांना आधीच, डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. नाही तर तेराव्याला कुजबुज होते आणि ज्या सुनेने किंवा मुलाने सेवा केली, त्याच्याच वाट्याला येते.

निघण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. आमच्या माणसाला पुढे फिट येण्याची शक्यता किती?

२. गिळणं बंद झालं की चालू गोळीच्या जागी काय?

३. डेक्सामेथासोन कसं आणि कधीपर्यंत द्यायचं?

४. फिट आली तर कोणतं औषध, किती, कितव्या मिनिटाला? दुसरा डोस कधी? जास्तीत जास्त किती?

५. फवारा कसा मारायचा, ते आत्ता दाखवाल का?

६. रात्री फोन कुणाला करायचा, आणि कोणत्या परिस्थितीत दवाखान्यात आणायचं?

उत्तरं एका कागदावर घ्या, त्यावर डॉक्टरांची सही घ्या. तो कागद फाइलमध्ये ठेवू नका. रुग्णाच्या खाटेशेजारी भिंतीला चिकटवा आणि फवारा त्याच्याखालीच ठेवा. घरातल्या किमान दोघांना तो वापरता यायला हवा, कारण एकजण औषधं आणायला गेलेला असतानाही फिट येऊ शकते.

ओपीडीत गर्दी असते, आपला नंबर मुश्किलीने लागलेला असतो आणि अशा बातमीनंतर तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून हे सहा प्रश्न आधीच चिठ्ठीवर लिहून न्या. दहा मिनिटांचं काम आहे. आजार त्याने बरा होणार नाही, पण घरी गेल्यावर त्या माणसाला आपल्याच अंथरुणावर, आपल्या माणसांत निजता येईल.